शिक्का जुळवणारे अप्पा

"चूक," अप्पा म्हणाले. "मी खोटं वाचलं अन् तुमी बरोबर म्हणालात. पुन्हा पहिल्यापासून."

वरच्या मजल्यावर माझी सून ऑपरेशनच्या टेबलावर होती. आठवा महिना, पोट दगडासारखं घट्ट, आणि खालून रक्त थांबत नव्हतं. तिचा रक्तगट लाखात एखाद्याचा सापडावा तसला. त्या गटाची एकही पिशवी आमच्या दवाखान्यात नव्हती. परभणीत ज्या थोड्या माणसांच्या अंगात तसलं रक्त आहे त्यांची नावं आणि फोन नंबर दवाखान्याच्या सर्व्हरमध्ये होते, आणि तो सर्व्हर सकाळपासून यादी उघडत नव्हता. तो दुरुस्त करायला अप्पा त्याच्यासमोर बसले होते. शेजारी स्टुलावर मी, मांडीवर त्यांची वही.

"अप्पा, पाया पडते," मी म्हणाले. "आज राहू द्या. जुळलं असं धरा अन् पुढं चला."

"जुळलं का न्हाई ते तुमी सांगायचं. मी न्हाई. वही सरळ धरा."

त्यांचा गळा धरावा असं मला वाटलं. हे खोटं नाही लिहीत, खरंच वाटलं.

मी त्या दवाखान्यात मावशी होते. झाडलोट, फरशी, बेडपॅन धुणं, सगळं. शाळा चौथीपर्यंत. अप्पा तिथले कॉम्प्युटरचे माणूस. लिंगायत घरातले, मूळचे चारठाण्याचे, म्हणून सगळे अप्पा म्हणत. गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, पांढरा शर्ट, आणि खिशात तीन पेनं, तिन्ही काळ्या शाईची. त्यांची खोली जिन्याखाली होती. तिथे एसी चालू असायचा आणि दारावर खडूनं लिहिलेली एक यादी असायची. ती यादी पुसायची नाही, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी ओरडून सांगितलं. ओलं फडकं आत आणायचं नाही, हेही.

त्या माणसाला सगळ्याचीच भीती वाटायची. लग्नाच्या पंगतीत जेवायचे नाहीत. कँटीनचा चहा घ्यायचे नाहीत. डबा घरचा, पाणी घरचं, तिखट घरी कुटलेलं. कुलूप लावलं की ओढून बघायचे, चार पावलं जाऊन परत यायचे, पुन्हा ओढायचे. बाहेर पेशंटचे नातेवाईक हसायचे. एकदा मी म्हणाले, "अप्पा, कुलूप तुटंल आता." तर म्हणाले, "तुटलं तर कळंल तरी. उघडं राहिलं तर कळत न्हाई."

मला त्या खोलीत बसवायचं कारणही भीतीच.

एक दिवस फरशी पुसत होते. त्यांनी विचारलं, "मावशी, शाळा किती?"

"चौथी."

"इंग्रजी येतं?"

"नाही."

"अजिबात?"

"सांगितलं ना, नाही म्हणून."

"मग तुमीच पाहिजे," ते म्हणाले, आणि स्टूल पुढे सरकवलं.

मला वाटलं डोकं फिरलं यांचं. पण नंतर त्यांनी समजावून सांगितलं, आणि त्यांचं समजावणं मला कळलं. डॉक्टरांना का कळत नसे ते मला माहीत नाही.

सर्व्हर म्हणजे एक मोठं मशीन. दवाखान्यातले सगळे कॉम्प्युटर त्यालाच विचारून चालतात. त्या मशीनला कामासाठी सामान लागतं. सामान म्हणजे प्रोग्राम. ते सामान मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या एका कोठारातून येतं. त्या कोठाराला अप्पा रेपो म्हणायचे. तिथला माल जुना असतो, पण पारखलेला असतो. मोठ्या दवाखान्याला, बँकेला, असलाच माल लागतो, असं ते सांगत. पण काही सामान त्या कोठारात नसतंच. मग बाहेरच्या दुसऱ्या कोठाराचं नाव मशीनच्या यादीत घालावं लागतं.

"नाव घालायला काय लागतं?" मी विचारलं.

"दोन ओळी. चहा प्यायला जास्त वेळ लागतो."

"मग भ्यायचं कामून?"

"नाव घातलं की मशीन पुन्हा विचारत न्हाई, मावशी. पुढच्या बारीला सगळ्या कोठारांत बघतं, अन् ज्याच्याकडं नवा माल हाय त्याच्याकडनं घेतं. आपल्याला एक डबी पाहिजे होती. ते घरातली चूल पण बदलून ठेवतं. मशीनला नवं तेवढं चांगलं वाटतं, लेकरासारखं."

म्हणून अप्पांची एक रीत होती. बाहेरच्या कोठाराचं नाव घातलं तरी ते बंद ठेवायचं. गरज पडली की एका वस्तूपुरतं उघडायचं, वस्तू घ्यायची, लगेच बंद करायचं. हे ते मोठ्यानं बोलायचे. "दार उघडलं." "घेतलं." "दार लावलं." आणि मी म्हणायचं, "लावलं." मी म्हटल्याशिवाय ते खुर्चीवरून उठायचे नाहीत. दारावरची खडूची यादी म्हणजे अशी बाहेरची सगळी कोठारं, आणि कोणतं कधी उघडलं त्याची नोंद.

दुसरी रीत शिक्क्याची. प्रत्येक कोठाराचा आपला शिक्का असतो. शिक्क्याला लांबलचक नंबर असतो, चार-चार अक्षरांचे दहा गट. त्यात आकडे, आणि इंग्रजीची पहिली सहा अक्षरं. नव्या कोठाराकडून पहिल्यांदा माल घेताना मशीन तो नंबर दाखवतं आणि विचारतं, हा शिक्का मानू का? एकदा हो म्हटलं की कायमचं मानतं. अप्पांनी खरे नंबर दोन-दोन ठिकाणांहून मिळवून वहीत उतरवून ठेवले होते. ते पडद्यावरचा गट वाचायचे, मी वहीत बघून बरोबर किंवा चूक म्हणायचं.

आधी हे काम ऑफिसातला एक पदवीधर करायचा. तो पहिला गट बघायचा, शेवटचा बघायचा, आणि मधल्या सगळ्यांना बरोबर म्हणून मोकळा व्हायचा. अप्पा म्हणायचे, "ज्याला कळतं ना, त्याला दिसत न्हाई. त्याला जे पाहिजे तेच दिसतं. तुमाला काहीच कळत न्हाई, म्हणून तुमाला अक्षर दिसतं." कुणी मला असं तोंडावर अडाणी म्हटलं असतं तर मी झाडू हाणला असता. त्यांचं मला लागलं नाही.

त्यांनी मला सहा अक्षरं शिकवली. ए, बी, सी, डी, ई, एफ. चार दिवस लागले. मी म्हणाले, "पुढची?" ते म्हणाले, "पुढची लागत न्हाईत." आजही मला तेवढीच येतात. बसवरच्या इंग्रजी पाटीतलं अर्धं-मुर्धं वाचते आणि सोडून देते.

तिसरी रीत मात्र छळाची होती. दर वेळी दहांपैकी एक गट ते मुद्दाम खोटा वाचायचे. कोणता, ते सांगायचे नाहीत. मी "चूक" म्हणाले तर मान हलवून पुढे जायचे. मी "बरोबर" म्हणाले तर सगळं पहिल्यापासून. सुरुवातीला मी तीन-तीनदा अडकायचे. घरी भाकऱ्या खोळंबल्यात, आणि हा माणूस मला चार सी नऊ एफ करत बसवतोय. पण नंतर माझी चूक होत नव्हती. नऊ वर्षांत नंतर एकदाही झाली नाही. सून टेबलावर होती त्या सोमवारपर्यंत.

त्यांच्या या सगळ्याचा फायदाच झाला असं मी म्हणणार नाही. त्रासही झाला. लॅबसाठी एक नवं यंत्र आलं होतं. ते जोडायला जो प्रोग्राम लागायचा तो बाहेरच्या एका कोठारात होता. शिक्का जुळवायला बसलो, तिसराच गट वेगळा. मी म्हणाले चूक. तो गट त्यांनी खोटा वाचलेला नव्हता. अप्पांनी वही हातातून घेतली, बघितली, आणि पांढरे पडले. मशीन बंद करून बाहेर आले आणि म्हणाले, शिक्का बदललाय, आता खात्री होईपर्यंत काही मिळणार नाही.

अकरा दिवस नाही मिळालं. लॅबवाले हातानं रिपोर्ट लिहीत होते. नंतर कळलं, त्या कोठारवाल्यांनी स्वतःच शिक्का बदलला होता आणि तसं सांगितलंही होतं. अप्पांनी ते पहिल्याच दिवशी वाचलं होतं. पण दुसऱ्या वाटेनं खात्री करायची होती म्हणून थांबले होते.

दवाखान्याचे नवे व्यवस्थापक तेव्हा नुकतेच आले होते. ते जिन्याखाली येऊन सगळ्यांसमोर बोलले, "अप्पा, तुमच्या शिक्क्यापायी माझे पेशंट खोळंबायलेत. हा दवाखाना हाय का तहसील?"

अप्पा म्हणाले, "साहेब, खोळंबले ना? मेले न्हाईत."

हे बोलायला नको होतं. त्यानंतर व्यवस्थापकांनी कॉम्प्युटर बघायला शहरातली एक एजन्सी लावली. कागदही बंद केले. रक्तपेढीत दर महिन्याला रक्तदात्यांची यादी छापून भिंतीला लावायची पद्धत होती. ती अप्पांचीच. आता म्हणाले, सगळं पडद्यावर दिसतं, कागद कशाला. यादी काढून टाकली. ती भिंतीवरून मीच खरवडून काढली, चिकटपट्टीसकट.

श्रावणी सोमवारी अप्पा चारठाण्याला जायचे, देवळात. पहाटेच्या एसटीनं जाऊन दुपारपर्यंत परत. त्या सोमवारी एजन्सीचा माणूस आला. व्यवस्थापकांना कसलीशी रंगीत पत्रकं पाहिजे होती, त्याचा प्रोग्राम बाहेरच्या कोठारात होता. मी खोली झाडत होते. मी त्याला विचारलं, "शिक्का जुळवायचा का? वही कपाटात हाय."

तो हसला. "मावशी, ते तपासणंच बंद करून टाकलंय. आता कटकट न्हाई."

"अन् दार? एकाच वस्तूपुरतं उघडलं ना?"

"कसलं दार?"

मी कोण बोलणार? मी झाडू घेऊन बाहेर आले. हे माझ्या मनात अजून आहे. मी वर जाऊन कुणाला तरी सांगू शकले असते.

त्यानं दोन नवी कोठारं घातली, दोन्ही सताड उघडी, आणि मशीनला सगळं अपडेट करायला सांगितलं. मशीननं नव्या कोठारात बघितलं. ज्या प्रोग्राममध्ये दवाखान्याच्या सगळ्या याद्या ठेवलेल्या असतात त्याची तिथे नवी आवृत्ती होती. ती घेतली. नवी आवृत्ती जुन्या याद्या उघडेना. साडेदहाला सगळे पडदे कोरे. त्या माणसानं दोन-चार खटपटी केल्या, मग फोन कानाला लावून बाहेर गेला तो आलाच नाही. मीच अप्पांना फोन केला. ते देवळातून तसेच निघाले.

साडेबाराला दवाखान्याच्या दारात ऑटो थांबली आणि त्यात माझी सून. शेजारीण तिला धरून होती. आमचं घर पेडगावला. मुलगा गंगाखेडला साखर कारखान्यावर, त्याला फोन लागत नव्हता. सुनेचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"आत्याबाई, पोट बघा कसं झालंय," ती म्हणाली. "लेकरू हलंना."

मी हात लावला. आमच्या अंगणात जातं आहे, तसं लागलं हाताला.

डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि तिथेच सांगितलं, गर्भाची वार आतल्या आत सुटली आहे, आत्ता पोट उघडावं लागेल, आणि रक्त पाहिजे. रक्तपेढीतल्या माणसानं फ्रीज उघडला आणि मान हलवली. सरकारी दवाखान्यात विचारलं, नव्हतं. नांदेडला एक पिशवी होती, ती निघाली, पण दोन तास लागणार. रक्तपेढीवाल्याला तोंडपाठ असलेले दोन दाते होते. एकानं मागच्याच महिन्यात दिलेलं. दुसऱ्याचा फोन बंद.

"यादीत आणखी सात-आठ आहेत," तो म्हणाला. "पण यादी..."

त्यानं कोऱ्या पडद्याकडे बोट दाखवलं.

एक वाजता अप्पा आले. विभूती घामानं ओघळून भुवईत उतरली होती. उपास होता, तोंडात पाणीसुद्धा नव्हतं. मी त्यांना काय झालं ते एका दमात सांगितलं. ते खुर्चीत बसले. एजन्सीवाल्यानं काय काय केलं ते बघायला त्यांना फार वेळ लागला नाही. दोन्ही नवी कोठारं काढली. नवा प्रोग्राम काढला.

"आता जुना घालायचा," ते म्हणाले. "याद्या जागेवरच हायत, मावशी. भिऊ नका. जुना प्रोग्राम आला की उघडतील."

"मग घाला ना!"

"तो पण बाहेरच्याच कोठारातला. आपला जुनाच. पण त्यानं शिक्के बघणंच बंद केलं होतं. सकाळपासून काय मानलं न् काय न्हाई, मला काय ठाऊक? मी सगळे शिक्के पुसले. आता मशीन पुन्हा विचारणार. वही काढा."

मी वही काढली. पान मला माहीत होतं. वरून कुणीतरी जिन्यातून धावत गेलं. लोखंडी ट्रे पडल्याचा आवाज आला. अप्पांनी पहिला गट वाचला. बरोबर. दुसरा. बरोबर. मी वहीकडे बघत होते, पण मला जातं दिसत होतं. पाचवा, सहावा. सातव्याला मी वर छताकडे बघत होते. "बरोबर," मी म्हणाले.

"चूक," अप्पा म्हणाले.

हे मी आधी सांगितलं आहे.

दाराशी व्यवस्थापक उभे होते. ते ओरडले, "अप्पा, एंटर मारा! माणूस मरायलाय वर!"

अप्पांनी वळूनही बघितलं नाही. "मावशी, बोट ठेवा अक्षरावर. एकेकावर. मी सावकाश वाचतो."

मी बोट ठेवलं. बोट ओलं होतं, शाई पसरत होती. पहिला, बरोबर. दुसरा, बरोबर. तिसरा, बरोबर. चौथ्याला ते म्हणाले, "बी, सात, शून्य, डी." वहीत शेवटी ई होतं.

"चूक," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

त्यांनी मान हलवली. पुढचे सहा. सगळे बरोबर. त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर रेघ सरकायला लागली. ती रेघ मी कशी बघितली ते मला सांगता येणार नाही. मधेच थांबली. मग पुन्हा सरकली.

"आलं," अप्पा म्हणाले. "दार लावलं."

मी म्हणाले, "लावलं."

यादी उघडली तेव्हा रक्तपेढीतला माणूस माझ्या खांद्यावरून वाकून नंबर लावत होता. पहिला पुण्याला राहायला गेला होता. दुसऱ्यानं उचललाच नाही. तिसरा बाजारातला शिंपी. तो म्हणाला, "आलो." दहा मिनिटांत आला. गळ्यात टेप तशीच, एका बोटात शिवताना घालायचं अंगुस्तान. दुकान शेजारच्यावर सोडून आला होता. मी त्याच्या पाया पडले. तो लाजला आणि म्हणाला, "माय, आधी कुठं झोपायचं ते सांगा."

अप्पा बाहेर बाकावर बसले होते. मी त्यांना पाणी नेऊन दिलं, दवाखान्याच्या नळाचं. त्यांनी घेतलं नाही. तेव्हाही नाही. म्हणाले, "बाटली हाय बॅगेत." बॅग शोधली तर ती चारठाण्याला देवळातच राहिली होती. मग तहानलेलेच बसले.

एजन्सी पुढेही राहिली. अप्पांना दिवाळीला निरोप दिला. शाल, नारळ. व्यवस्थापक भाषणात बोलले की अप्पांनी दवाखान्याला शिस्त लावली. अप्पांनी नारळ घेतला आणि पेढा घेतला नाही. दारावरची खडूची यादी पुढच्या आठवड्यात रंगाऱ्यानं रंगवून टाकली.

दोन वर्षांनी ते मला जिंतूरच्या एसटी स्टँडवर भेटले. वाळले होते. मी आडपडदा ठेवत नाही, विचारून टाकलं.

"अप्पा, त्या दिवशी तरी खोटं कामून वाचलं? तेवढा एक दिवस सोडला असता."

"त्याच दिवशी तर वाचायचं असतं, मावशी. रोजच्या दिवशी तुमी कुठं चुकत होत्या?"

"अन् त्या दोन मिनिटांत माझी सून गेली असती तर?"

ते हातातल्या तिकिटाची गुंडाळी करत राहिले. मग म्हणाले, "तर मी तुमाला तोंड दाखवलं नसतं. पण वाचलं असतं."

मला ते पटलं नाही. अजून पटलेलं नाही. दुसऱ्या वेळी शिक्का जुळला, म्हणजे पहिल्या वेळीही जुळतच होता. ती दोन मिनिटं वाया गेली, असं मी धरते. दुसरं कुणी वेगळं धरेल. ते आता हयात आहेत की नाहीत, मला माहीत नाही. चारठाण्याकडचं कुणी भेटलं नाही.

बाळाचं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, त्या दोन मिनिटांनी काही झालं का म्हणून. त्या म्हणाल्या, नाही, ऑटोतून उतरवलं तेव्हाच ठोके लागत नव्हते. त्या खरं बोलल्या असतील. शिंप्याच्या रक्तानंतर नांदेडची पिशवीही आली, तीही लागली. मुलगा संध्याकाळी पोहोचला.

सून जगली. मुलगी होती, ती जगली नाही.